पाहुणं जहाज पुरे, मुक्कामाचं जहाज मागा

मुरगाव बंदराचा आणि गोव्याच्या पर्यटनाचा कारभार पाहणाऱ्या सर्व संबंधितांस,

स. न. वि. वि.

तुम्हा सर्वांना एकत्रच लिहितो आहे. जहाज धक्क्याला लागेपर्यंतचं खातं एक, उतारू गेटाबाहेर पडला की दुसरं आणि टॅक्सीत बसला की तिसरं. उतारूला ह्यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याच्या लेखी हे सगळं मिळून ‘गोवा’.

विषय क्रूझचा आहे. 2021 च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया ह्या क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ आपल्या पश्चिम किनाऱ्यावर फिरतं आहे. जहाज जुनं, 1990 चं, साधारण 48 हजार टनांचं, पण त्याने कोल्हापूर-पुण्याच्या मध्यमवर्गीय कुटुंबांना बोटीवरची सुट्टी म्हणजे काय ते दाखवलं. आता त्याच कंपनीने नॉर्वेजियन क्रूझ लाइनकडून ‘स्काय’ आणि ‘सन’ ही दोन जहाजं भाडेकराराने घेण्याचं जाहीर केलं आहे, एक 2026 मध्ये आणि दुसरं 2027 मध्ये. दोन्ही 77-78 हजार टनांच्या घरातली, प्रत्येकी दोन हजारांच्या आसपास उतारू नेणारी. म्हणजे एका जहाजाची कंपनी तीन जहाजांची होणार. एक जहाज मुंबईला राहील हे सांगायला ज्योतिषी नको. बॅलार्ड पिअरचं नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल 2025 मध्ये उघडलं ते काही रिकामं ठेवण्यासाठी नाही. प्रश्न उरतो तो बाकीच्या जहाजांचा. चेन्नई, कोची, विशाखापट्टणम हात वर करून उभेच असतील. गोवा कुठे आहे?

आपल्याकडे क्रूझ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते दिवसभराचं पाहुणं जहाज. ते सकाळी लागतं. गेटावर बसगाड्या उभ्या असतात. त्या उतारूंना जुन्या गोव्याला नेतात, मंगेशीला नेतात, पणजीत तासभर सोडतात. काजूची पाकिटं घेतली जातात, चर्चसमोर फोटो निघतात, आणि सगळे चारच्या आत परत. दुपारचं जेवण तिकिटातच धरलेलं असल्यामुळे बरेच जण बाहेर फारसं खातही नाहीत. बंदराला लागून असलेल्या वास्को शहराचा संबंध इतकाच की बस वास्कोतून जाते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात हजारो पर्यटक दाखल झाल्याची बातमी येते आणि आपण खूश होतो. बाजारातल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा, त्यातले किती त्याच्या फळीपर्यंत आले. तो हसेल.

जहाज जिथे मुक्कामाला असतं, जिथून फेरी सुरू होते आणि जिथे संपते, त्या होम पोर्टचं गणित निराळं. तिथे उतारू आदल्या दिवशी येऊन हॉटेलात राहतात, परतल्यावरही एखादा दिवस काढतात. जहाज तिथेच धान्य, भाजी, मासळी, पाणी, इंधन भरतं, कचरा उतरवतं, खलाशी बदलतं.

ह्या बाबतीत जगात सगळ्यात काटेकोर हिशेब करणारी कंपनी म्हणजे डिस्ने. कुटुंबांसाठी म्हणूनच चालवलेली ही क्रूझ कंपनी 1998 मध्ये एका जहाजाने सुरू झाली, आणि 2011 पर्यंत तिची जहाजं दोनच होती. आता 2031 पर्यंत ती तेरा करण्याचा बेत आहे. ही जहाजं तिने कुठे ठेवली ते पाहण्यासारखं आहे. पहिलं घर फ्लोरिडातलं पोर्ट कॅनाव्हेरल, ऑरलँडोच्या थीम पार्कपासून तासाभरावर, म्हणजे पार्क झालं की बोट, बोट झाली की घर. तिथली गर्दी वाढली तेव्हा फोर्ट लॉडरडेल हे बारमाही चालणारं दुसरं घर झालं. टेक्ससमध्ये गॅल्व्हेस्टन आणि कॅलिफोर्नियात सॅन दिएगो, कारण तिथली कुटुंबं आपली गाडी घेऊन थेट धक्क्यावर येऊ शकतात. उन्हाळ्यात अलास्कासाठी व्हँकुव्हर, युरोपसाठी बार्सिलोना आणि साउथम्प्टन. जपानी जहाज तिथल्या डिस्नेलँड चालवणाऱ्या ओरिएंटल लँड कंपनीबरोबर, टोकियोहून, 2028-29 च्या आर्थिक वर्षात. जागा निवडताना समुद्र किती निळा आहे ह्यापेक्षा आई-बाप, दोन मुलं आणि चार बॅगा तिथे किती कमी त्रासात पोहोचतात हे पाहिलेलं दिसतं.

सिंगापूरचं उदाहरण तर आपण तोंडपाठ करावं असं आहे. जर्मनीत विस्मारच्या दिवाळखोर गोदीत अर्धवट पडलेलं एक अजस्र जहाज डिस्नेने 2022 मध्ये विकत घेतलं. दोन लाख आठ हजार टनांचं, सुमारे 6,700 उतारूंचं. नाव ठेवलं ‘डिस्ने अॅडव्हेंचर’. पहिली फेरी 15 डिसेंबर 2025 ला ठरली होती, ती पुढे मार्च 2026 वर गेली. फेऱ्या तीन आणि चार रात्रींच्या, आणि वाटेत एकही बंदर नाही. सिंगापूरहून निघायचं, समुद्रात हिंडायचं, सिंगापूरलाच परतायचं. जहाज हेच ठिकाण. आपल्याकडचीही बरीच कुटुंबं विमानाने सिंगापूरला जाऊन ह्या बोटीवर चढणार, हे कंपनीने धरलेलं आहेच.

कुटुंबांच्या क्रूझचा कल असा असेल तर फक्त थांबा म्हणून मिरवणाऱ्या बंदराच्या हाती काय लागणार? उद्या कंपन्यांनी ठरवलं की मुरगावचा थांबा गाळून एक दिवस समुद्रातच काढू, तर उतारू कुरकुरणार नाहीत, उलट पाण्याच्या घसरगुंड्या जास्त वेळ मिळाल्या म्हणून पोरं नाचतील. होम पोर्ट मात्र गाळता येत नाही.

आता कुणी म्हणेल, डिस्ने काय उद्या मुरगावला येणार आहे का? नाही येणार. 342 मीटरचं जहाज मुरगावला ठेवण्याचं स्वप्न पाहण्यात मलाही रस नाही, सहा हजार माणसं एका दिवसात वास्कोच्या रस्त्यांवर सोडणं म्हणजे शहराला शिक्षा. मी बोलतो आहे ते अडीचशे मीटरच्या, दोन हजार उतारूंच्या जहाजाबद्दल. ते मुरगावला झेपेल. त्यासाठी काय लागेल ते मात्र धक्क्याच्या बाजूने आजवर नीट मांडलं गेलेलं नाही.

होम पोर्टवर जहाज बदलीच्या दिवशी लग्नघरासारखं असतं. सकाळी एक वऱ्हाड उतरतं आणि संध्याकाळी दुसरं चढतं. मधल्या सात-आठ तासांत हजारो चादरी बदलायच्या, हजारो बॅगा पट्ट्यावरून दारापर्यंत पोहोचवायच्या, आणि मागच्या बाजूने कोठी भरायची. मी वास्कोत जहाजांना माल पुरवणाऱ्या धंद्यात आयुष्य काढलं, म्हणून ह्या मागच्या बाजूबद्दल थोडं सांगतो.

आपल्या गोव्यातली भाजी येते बेळगावहून, घाट उतरून, पुठ्ठ्याच्या खोक्यांत नाहीतर गोणपाटात. जहाजाच्या कोठीत पुठ्ठा जाऊ देत नाहीत, कारण पुठ्ठ्याच्या नळ्यांत झुरळांची अंडी येतात आणि एकदा झुरळ शिरलं की हजार खोल्यांचं जहाज धुऊन काढावं लागतं. लाकडी पेटीही चालत नाही. धक्क्यावर प्रत्येक खोकं उघडायचं, टोमॅटो एकेक करून स्वच्छ प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये घालायचा, क्रेट पॅलेटवर रचायचे, वरून प्लॅस्टिक गुंडाळायचं, आणि हे सगळं उन्हात, फोर्कलिफ्टची वाट बघत. जहाजाचा स्टोअरकीपर हातात थर्मामीटर घेऊन उभा असतो. मासळीच्या पेटीत तो नळी खुपसतो, आकडा वर गेलेला दिसला की मान हलवतो, आणि अख्खी पेटी परत. खारीवाड्याच्या जेटीवरून निघालेला विसवण, म्हणजे सुरमई, बंदराच्या गेटावर परवान्याच्या कागदासाठी तासभर उभा राहिला तर त्यात मासळीचा काय दोष?

दिवसभराच्या पाहुण्या जहाजाला हे फारसं लागत नाही, त्याची कोठी मुंबईलाच भरलेली असते. मुक्कामाचं जहाज आलं तर आठवड्यातून दोनदा ही उलाढाल होईल, आणि त्यातला पैसा थेट बेळगावच्या शेतकऱ्याकडे, खारीवाड्याच्या ट्रॉलरवाल्याकडे, वेर्ण्याच्या बेकरीवाल्याकडे जाईल. पण त्यासाठी धक्क्याजवळ सावली असलेली, थंड ठेवलेली, माल निवडून क्रेटमध्ये भरायची एक जागा हवी. मुरगावच्या क्रूझ टर्मिनलची चित्रं मी पाहिली आहेत. काचेची दालनं आहेत, दुकानं आहेत, पाम वृक्ष आहेत. भाजी निवडायची जागा मला त्यात दिसली नाही. नसेल तर जहाज गोव्यात ठेवूनसुद्धा कंपनी भाजीचे रेफर, म्हणजे थंड ठेवणारे, कंटेनर मुंबईहून आणेल, आणि आपण पाम वृक्ष मोजत बसू.

उतारूंच्या बाजूचंही असंच. आपल्या जवळच्या मुलखाचा विचार करा. बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, सांगली, सावंतवाडी. ही सगळी कुटुंबं सकाळी निघून दुपारी वास्कोत पोहोचू शकतात. गॅल्व्हेस्टनला जे टेक्ससवाले करतात तेच. पण तीन रात्रींसाठी गाडी लावायची कुठे? वास्कोत भर बाजारात स्कूटर लावायला जागा मिळत नाही, तिथे हजारभर गाड्या? रेल्वेचा विचार तर कुणी करतच नाही. वास्को-निजामुद्दीन गोवा एक्स्प्रेस पुणे, मिरज, बेळगाव करत येते ती थेट वास्कोला. पोर्तुगीजांच्या काळी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे बंदर बांधलं गेलं तेच मुळी रेल्वेच्या जोडीने. देशात असं बंदर शोधून सापडणार नाही जिथे मिरजेचं कुटुंब एका गाडीत बसून जहाजाच्या इतक्या जवळ उतरू शकतं. स्टेशन ते टर्मिनल अशा चार बसगाड्या, बॅगा स्टेशनावरच ताब्यात घेऊन थेट खोलीत पोहोचवण्याची सोय, एवढं केलं तर आजीला एकच जिना चढावा लागेल. सिंगापूरने क्रूझ सेंटरच्या दारात मेट्रो आणली. आपल्या दारात रेल्वे शंभर वर्षांहून जास्त काळ आहे आणि तिच्यावर आपण कोळसा वाहतो.

कोळशाचा विषय निघालाच आहे तर तो टाळत नाही. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, बंदराचं खनिज गेलं आणि कोळशावरचा भार वाढला हे सगळ्यांना माहीत आहे. वास्कोच्या बायका वाळत घातलेले कपडे झटकून घरात आणतात ते हौस म्हणून नाही. एकदा जहाज मुक्कामाला आलं की त्याच्या पांढऱ्या डेकवर, पोरांच्या तरणतलावात तीच पूड बसणार. आम्हा वास्कोकरांच्या तक्रारीने जे झालं नाही ते कदाचित त्या तरणतलावामुळे होईल. ह्यात लाज वाटण्यासारखं आहे, पण झालं तर मला चालेल.

विमानाने येणाऱ्यांचं सोपं आहे आणि अवघडही आहे. दाबोळीहून बंदर वीस-पंचवीस मिनिटांवर. 2023 च्या जानेवारीत मोपा सुरू झालं आणि बरीचशी विमानं तिकडे वळली. मोपाहून मांडवी आणि जुवारी दोन्ही पूल ओलांडून मुरगाव गाठायचं म्हणजे दीड तास तरी धरावा लागतो, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तर देवाचं नाव घेऊन निघावं. आणि टॅक्सी. ह्यावर मी इथे लिहायला लागलो तर पत्राचं पुराण होईल. एवढंच सांगतो की बोट पकडायला निघालेल्या कुटुंबाला भाडं आधी कळलं पाहिजे आणि ते सगळ्यांना सारखं असलं पाहिजे. धंदा स्थानिक टॅक्सीवाल्यांनीच करावा, त्यांच्याशिवाय हे चालणार नाही. पण दर खिडकीवर लिहिलेले असावेत.

हंगामाबद्दल एक गैरसमज आहे. पावसाळ्यात आपला समुद्र खवळतो, चार महिने हातचे जातात, म्हणून गोवा होम पोर्टच्या लायक नाही असं मी जबाबदार माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. अहो, अलास्काचा हंगाम मे ते सप्टेंबर असतो! म्हणून व्हँकुव्हर कुणी सोडून दिलं का? जहाज हंगामाप्रमाणे घर बदलतं, तेच त्याचं वैशिष्ट्य. एम्प्रेससुद्धा पावसाळ्यात चेन्नईकडे जातं. आपला हंगाम ऑक्टोबर ते मे. त्यात दिवाळीची सुट्टी आली, नाताळ आला, आणि महाराष्ट्र-कर्नाटकातल्या शाळांची एप्रिल-मेची सुट्टी आली. कुटुंबाच्या क्रूझला ह्याहून सोयीचा काळ कोणता? उलट गोव्याची हॉटेलं मे महिन्यात ओस पडायला लागतात, तेव्हाच ही मंडळी येतील.

एका गोष्टीला मात्र माझा साफ विरोध आहे. मुक्कामाच्या जहाजाची चर्चा सुरू झाली की कुणीतरी कसिनोचा विषय काढणार, गोव्याची ओळख म्हणून. मांडवीत त्या बोटींनी काय केलं आहे ते पणजीकरांना विचारा. संध्याकाळी मिरामारहून परतणारं कुटुंब त्या रोषणाईकडे पाहत नाही, गाडीच्या रांगेकडे पाहतं. डिस्नेच्या जहाजांवर कसिनो नाही, आणि त्यावाचून त्या कंपनीचं काही अडलेलं दिसत नाही. करारात काय मागायचं ह्याची यादी करायला बसाल तेव्हा हे ध्यानात असू द्या.

दुसरी गोष्ट किनाऱ्याची. बड्या क्रूझ कंपन्यांना आपल्या मालकीचा किनारा फार आवडतो. डिस्नेचं बहामात कॅस्टअवे की नावाचं बेट आहे, 2024 मध्ये लाइटहाउस पॉइंटला दुसरी जागा उघडली. अमेरिकेचा 1886 चा एक कायदा आहे, त्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकी बंदरातून फेरी मारून परत यायचं तर मध्ये परदेशी भूमीला स्पर्श करावाच लागतो. तो स्पर्श स्वतःच्याच बेटावर झाला की उतारूचा रुपया बाहेर जात नाही. आपल्याकडे असा कायदा नाही, म्हणून असं बेट मागण्याचं कारणही नाही. पण कुणीतरी बोगमाळो-काणकोणच्या बाजूचा एखादा शांत किनारा ‘फक्त जहाजाच्या पाहुण्यांसाठी’ मागेल, आणि गुंतवणूक येते आहे म्हणून आपलं मन विरघळेल. विरघळू देऊ नका. जहाज बंदरात राहू दे, किनारा गावाचा राहू दे.

आणि हो, ज्यांच्या जिवावर जगाची क्रूझ जहाजं चालतात ते आमचे तारवटी. साष्टीत, मुरगावात, बार्देशात असं गाव नाही जिथला एखादा मुलगा कुठल्यातरी जहाजावर स्टुअर्ड, कुक किंवा इंजिनरूमात नाही. नऊ-नऊ महिने घर नाही. 2020 मध्ये कोविडच्या काळात त्यांच्या बायकामुलांनी ‘आमच्या माणसांना परत आणा’ म्हणून जे दिवस काढले ते विसरण्यासारखे नाहीत. गोव्यातच जहाज राहणार असेल तर ह्या अनुभवी माणसांना आठवड्यातून एकदा तरी घरचं जेवण मिळेल अशी नोकरी मागता येईल. किती जागा गोंयकारांना, कोणत्या हुद्द्यांवर, हे आकड्यात लिहून घ्या. ‘प्राधान्य दिलं जाईल’ ह्या वाक्यावर सही करू नका, त्याचा अर्थ काय होतो ते आम्हाला वेगळं सांगायला नको.

जहाज येतं तसं जातंही, हे मला कळतं. ‘आंग्रिया’ 2018 मध्ये मुंबई-गोवा सुरू झाली तेव्हा केवढी हवा होती, कोविडमध्ये बंद पडली ती पडली. ‘कर्णिका’ 2019 मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली, जहाज अलंगला भंगारात गेलं. डिस्नेने 2023 पासून तीन हंगाम ऑस्ट्रेलियात काढले आणि मग तिथून जहाज हलवलं. सिंगापूरने मात्र जहाज किमान पाच वर्षं तिथे राहील असा शब्द आधीच घेतला. आपण घ्यावा तो शब्द तसाच, हंगाम मोजून, आणि मोडला तर काय ह्याच्यासकट. नुसत्या शुभारंभाच्या फिती कापून घेतल्या तर पुढच्या वर्षी रिकाम्या टर्मिनलसमोर फोटो काढावे लागतील.

आमच्या आधीच्या पिढीला हे काही नवीन नव्हतं. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली आगबोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला लागायची, आणि तिच्या डेकवर चटई टाकून अख्खी घरं प्रवास करायची, म्हाताऱ्या माणसांपासून तान्ह्या पोरांपर्यंत. त्यांना कुणी क्रूझ म्हटलं नाही, इतकंच.

हातात वेळ थोडा आहे. नवी जहाजं कुठे ठेवायची हे कंपन्या हंगामाच्या फार आधी ठरवतात, कारण तिकिटं वर्ष-वर्षभर आधी विक्रीला निघतात. तेव्हा पुढच्या हंगामाची वाट न पाहता वास्कोत एक बैठक बोलवा. श्रावणात श्री दामोदराच्या सप्ताहाआधी झाली तर बरं, नंतर आठवडाभर शहराला दुसरं काही सुचत नाही. त्या बैठकीला सल्लागार कंपन्यांबरोबर बेळगावचे भाजीचे अडते, खारीवाड्याचे मासळीवाले, स्टेशनमास्तर, टॅक्सी संघटनेची माणसं आणि एक-दोन निवृत्त तारवटीही असू द्या. प्रेझेंटेशन शेवटी दाखवा. आधी गेटावरचा परवाना किती मिनिटांत होईल, गाड्या कुठे लागतील आणि भाजी कुठे निवडायची, ह्या तीन प्रश्नांची उत्तरं लेखी द्या. मी पहिल्या रांगेत बसेन, वही घेऊन.

आपला नम्र,
वास्कोचा एक जुना जहाजपुरवठादार